वानवळा निघाला पाहिजे, म्हणून हिवाळ्यात भाजी कशी पेरायची

सोयाबीनची रास झाली, भुसकट एका बाजूला लागलं आणि विहिरीजवळचा तुकडा आता मोकळा पडलाय, त्यात काय करावं असं आमच्या बचत गटातल्या चौघीजणींनी एकाच आठवड्यात विचारलं, प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. आमचं औसा तालुक्यात अडीच एकर, काळी जमीन, एक विहीर. त्यातले आठ गुंठे भाजीपाल्याला, बाकी तूर, हरभरा, थोडी ज्वारी. त्यामुळं मी जे सांगतेय ते आमच्या मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीचं आणि भारी जमिनीचं आहे, मुरमाड रान असेल तर पाण्याच्या पाळ्या तुमच्या तुम्ही जवळ आणा.

पहिली गोष्ट, बी विकत घ्यायच्या आधी घरं मोजा. म्हणजे किती घरी भाजी जाणार. आमच्याकडं अकरा घरं आहेत, त्यात भाऊबंद, शेजार, लातूरला राहणारी नणंद आणि तिच्या बिल्डिंगमधल्या तिघी, गावातल्या एक एकट्या राहणाऱ्या मावशी. वानवळा म्हणलं की लोकांना वाटतं, जास्त झालं ते वाटायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, उरलेलं देतात त्याला वानवळा म्हणत नाहीत, पहिलं निघालेलं देतात तो वानवळा. आणि पहिलं निघालेलं दर आठवड्याला द्यायचं असेल तर ते पेरतानाच ठरवावं लागतं. आठ गुंठ्यांत सगळं गणित एवढंच आहे, थोडं पेरा आणि सारखं पेरा.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. एक किलो मेथी आणली, रान तयार होतं, पाणी होतं, एकाच दिवशी सगळी फेकून टाकली. पस्तिसाव्या दिवशी सगळे वाफे एकदम काढायला आले, तीनशेच्या वर जुड्या, आठवडी बाजारात त्या दिवशी सगळ्यांचीच मेथी आलेली, जुडीला दोन रुपये द्यायला कोणी तयार नाही. घरोघरी वाटली, तिसऱ्या दिवशी लोक नको म्हणायला लागले, उरलेली शेळ्यांपुढं गेली. आणि त्यानंतर पंधरा दिवस घरात पालेभाजीच नाही, कारण दुसरं काही पेरलंच नव्हतं. बी, पाणी, खुरपणं सगळं वाया गेलं, वर माणसं कंटाळली ते वेगळंच.

आता करते ते असं. दोन गुंठे फक्त पालेभाजीला ठेवते, त्यात दहा फूट बाय सहा फुटाचे साधारण तीस सपाट वाफे बसतात पाटासकट. दर दहा दिवसांनी चार वाफे पेरायचे, दोन मेथीचे, एक पालक, एक कोथिंबीर, आणि मेथीच्या वाफ्याच्या कडेनं शेपू. चुका आणि चाकवत महिन्यातनं एकदा. मेथीला वाफ्यामागं चाळीस-पन्नास ग्रॅम बी पुरतं, त्यातनं पंधरा-वीस जुड्या निघतात, अकरा घरं आणि आपलं घर भागून दोनचार वर राहतात. धने पेरायच्या आधी चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचे, अख्खे पेरले तर निम्मे उगवतच नाहीत. पालकाचं बी पण रात्रभर भिजवा. आणि पालक उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, थंडीत एका वाफ्याच्या तीन-चार कापण्या होतात.

एक लक्षात ठेवा, थंडी वाढली की सगळं हळू होतं. ऑक्टोबरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसणारी मेथी डिसेंबरच्या शेवटी आठवडा घेते आणि तीस दिवसांची भाजी चाळीसवर जाते. त्यामुळं दहा दिवसांची पाळी थंडीत मोडायची नाही, उगवलं नाही म्हणून घाबरून वरून परत बी पण टाकायचं नाही, दाट होऊन खालचं पिवळं पडतं.

खताचं थोडक्यात सांगते. वाफ्याला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको, मातीचा यायला पाहिजे. त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, मिसळून आठ दिवस सावलीत ओलं झाकून ठेवलं तर रोपं कोलमडायचं प्रमाण बरंच कमी होतं. पण गाजराच्या वाफ्यात ताजं खत अजिबात नको, गाजराला दोन-दोन पाय फुटतात. गाजराचं अजून एक आहे, बी बारीक असतं म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ओळीत पेरायचं आणि उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. आम्ही वाफ्यावर ओलं बारदान अंथरतो, रोज संध्याकाळी त्यावरच झारीनं पाणी मारतो आणि पहिले हिरवे दोरे दिसले की त्याच संध्याकाळी बारदान काढतो, एक दिवस जरी उशीर झाला तर कोंब बारदानात अडकून तुटतात. मग बोटभर उंच झाल्यावर विरळणी करायची, दोन झाडांत तीन-चार बोटं अंतर. विरळणी करताना जीव तुटतो हे मला माहितीय, पण नाही केली तर पेन्सिलीएवढीच गाजरं मिळतात.

आता माझ्या आवडीचा भाग. आमच्याकडं लातूर-धाराशिव भागात येळवस म्हणजे वेळ अमावस्या असते, डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते, त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, पूजा करायची, आणि मग आंबील, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणि भज्जी. भज्जीत रानातलं सगळं लागतं, ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, वालाचे दाणे, मटार, गाजर, कांदापात, मेथी, चुका, वर चिंच आणि बेसन. आणि त्या दिवशी आल्यागेल्याला बोलावून जेवायला घालायचं असतं, ज्यांच्याकडं शेत नाही त्यांना मुद्दाम. पुढं तेरा-चौदा जानेवारीला भोगी, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडात गाजर, ओला हरभरा, बोरं, ऊस. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी हिवाळ्याच्या भाजीचं टाइमटेबल सणातच बांधून दिलंय, आपण फक्त कॅलेंडरवर उलटं मोजायचं.

समजा भोगी तेरा जानेवारीची धरली. गाजराला नव्वद ते शंभर दिवस, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी जमिनीत पाहिजे. बीटाला सत्तर-ऐंशी दिवस, ऑक्टोबरच्या शेवटी. मटार, अर्केलसारखी लवकर येणारी जात घेतली तर साठ-पासष्ट दिवसांत पहिली तोडणी, म्हणजे दिवाळीच्या आसपास ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मुळा पंचेचाळीस दिवस, नोव्हेंबर अखेर. कांदापातीसाठी कोंब आलेले बारके कांदे लावायचे, ते पण नोव्हेंबरच्या शेवटी. कोथिंबीर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, पालक आणि मेथी डिसेंबरचा पहिला. वांग्याचं झाड मात्र तोवर उभं आणि लागतं असायला पाहिजे, ते ऑगस्टातच लावलेलं असतं, ज्यांचं राहिलं त्यांनी शेजाऱ्याकडनं वांगी घ्यावीत आणि त्याला गाजर द्यावं. येळवस लवकर आली तर हे सगळं तेवढे दिवस मागं ओढा. गाजराचा एक वाफा म्हणूनच आम्ही गणपतीच्या दिवसांत टाकतो, थोडं फिकं येतं, रंग थंडीतच चढतो, पण भज्जीला चालतं.

मुळ्याची काळजी घ्या, तो थांबत नाही. तयार झाल्यावर आठवडाभर जास्त राहिला की आत जाळी पडते, वरून टवटवीत दिसतो आणि कापल्यावर कापसासारखा. म्हणून मुळा कधीच पूर्ण वाफा नाही, दोन ओळी, दर दहा दिवसांनी. पाला टाकू नका, त्याची भाजी करा.

फ्लॉवर-कोबीबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. फ्लॉवरच्या जाती सीझनप्रमाणं वेगळ्या असतात, ही गोष्ट दुकानात स्वतःहून कोणी सांगत नाही. लवकरची जात उशिरा लावली, किंवा रोप म्हातारं झाल्यावर लावलं, तर झाड मोठं व्हायच्या आतच बटणाएवढा गड्डा धरून बसतं आणि मग काही केलं तरी वाढत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका नर्सरीतनं तीनशे रोपं आणली, बुंधे जाड आणि लाकडासारखे झालेले, मला शंका आली होती पण पैसे आधीच दिले होते. लिंबाएवढे गड्डे आले, तीनशेतले वीस पण नीट निघाले नाहीत. तेव्हापासून रोप घरीच करते. गादी वाफा टाचभर उंच, बोटाच्या पेराएवढ्या खोल ओळी, बी टाकून बारीक खतानं झाकायचं. पंचवीस ते तीस दिवसांत पाच-सहा पानांचं रोप लावायचं, त्याच्या वर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, लावणी संध्याकाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायला स्नोबॉलसारख्या उशिराच्या जाती मागा. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच दोन पानं वर मोडून किंवा सुतळीनं बांधून झाका, ऊन लागलं तर पिवळा पडतो.

कोबी-फ्लॉवरच्या कडेनं मोहरी पेराच. लावणीच्या पंधरा दिवस आधी एक ओळ आणि लावणीनंतर पंचवीस दिवसांनी दुसरी. तो जो चौकोनी ठिपक्याचा पतंग आहे ना, ज्याच्या बारक्या हिरव्या अळ्या पानांची चाळण करतात, तो मोहरीवर आधी जातो. मावा पण तिथंच गोळा होतो. मग औषध मारायचं असेल तर मोहरीवरच मारता येतं. मोहरीवर लाल पाठीचे ढालकिडे दिसायला लागले तर दोन दिवस थांबा, तेच मावा खातात, त्यांना मारू नका.

फवारणीचं माझं मत स्पष्ट आहे आणि यावर मी गटात भांडते पण. जी भाजी आपण लेकीच्या घरी पाठवतो तिच्यावर काय मारलंय हे आपल्याला तोंडपाठ पाहिजे. पालेभाजी तीस-पस्तीस दिवसांची, तिच्यावर विषारी औषध मारून वर डब्यावर लिहिलेले दिवस थांबायला जागाच नसते. आम्ही पाच टक्के निंबोळी अर्क वापरतो. उन्हाळ्यात पोरांना सांगून निंबोळ्या गोळा करून वाळवलेल्या असतात. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळ्या, कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं दोनदा गाळायच्या, थोडा साबणाचा चुरा टाकायचा आणि संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही. किडीची वाट न बघता बारा-पंधरा दिवसांनी एक हात. पिवळे चिकट सापळे आठ गुंठ्यांत पाच-सहा लावले की मावा-पांढरी माशी कधी वाढतेय ते कळतं. मटारावर भुरी आली, म्हणजे पानावर पीठ मारल्यासारखं दिसलं, तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, आणि मग लेबलवरचे दिवस मोजून तोडणी. तेवढे दिवस त्या ओळीतलं कुणाच्याही पिशवीत जात नाही, लाल चिंधी बांधून ठेवतो काठीला.

पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते दिवस आम्ही बघितलेत, त्यामुळं विहिरीत आहे म्हणून वाफा तुडुंब भरायचा हे आता हातून होत नाही. काळ्या रानात थंडीत आठ-दहा दिवसांनी पाणी बास होतं, माती मुठीत दाबून गोळा होतोय तोवर द्यायचंच नाही. वाफ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट पातळ पसरलं की एक पाळी वाचते. फक्त थंडीची लाट आली, पारा दहाच्या खाली जाणार असं हवामान खात्यानं सांगितलं, की त्या दिवशी संध्याकाळी हलकं पाणी द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओलं रान रात्री लवकर गार होत नाही. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत असेल तर तेव्हाच उरकतं, बॅटरी आणि बूट घालून जा. पहाटे बांधावर ओलसर पालापाचोळ्याचा धूर केला तर टोमॅटो आणि वांग्याच्या शेंड्यांना आधार होतो. वाऱ्याची बाजू बघून करा.

ढगाळ हवा आणि धुकं थंडीपेक्षा वाईट. त्या दिवसांत पाणी तोडा, खुरपणी करून हवा खेळू द्या.

आता वाटपाचं. आम्ही रविवारी सकाळी काढतो. हिवाळ्यात सगळ्यात मोठी चूक इथं होते, दवानं भिजलेली मेथी सहा वाजता काढून पिशवीत कोंबली की दुपारपर्यंत आतून गरम होते आणि दुसऱ्या दिवशी काळी. दव उडाल्यावर काढा, साधारण नऊच्या सुमाराला, मुळाची माती झटका, पण धुवू नका. जुडी केळीच्या सोपटानं नाहीतर घायपाताच्या वाखानं बांधा. सावलीत ओल्या फडक्याखाली उभी ठेवा. प्लास्टिकची बंद पिशवी नको, कापडी चालते, आम्ही जुन्या साड्यांच्या शिवल्यात, प्रत्येकीवर दोऱ्यानं घराचं नाव.

पिशवीत काय घालायचं त्याचा माझा एक हिशोब आहे, एक पालेभाजी, एक जमिनीखालचं म्हणजे गाजर मुळा बीट यातलं, एक शेंग किंवा फळ, आणि एक वरून टाकायचं, कोथिंबीर किंवा लसणाची पात किंवा मिरच्या. एवढ्यात चौघांच्या घराचे तीन दिवस निघतात. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सांगते उद्या काय निघणार ते, म्हणजे घरात आधीच असलेली भाजी कोणी परत घेत नाही. आणि सगळ्यांना समान, नणंदेला जास्त आणि शेजारणीला कमी असं केलं की वानवळ्याचं भांडण होतं.

पैशाचं आधीच ठरवा. लातूरच्या चार घरांकडनं मी महिन्याचे ठरलेले पैसे घेते, ते त्यांनीच म्हणून सुरू केलं. गावातल्यांकडनं घेत नाही, पण कोणाकडनं ताक येतं, कोणी खुरपायला दोन तास येतं, एकीकडनं शेणाच्या दोन पाट्या. मावशींना काहीच विचारत नाही, तरी त्यांची पिशवी कधीच रिकामी परत आलेली नाही, कधी चार लिंबं, कधी कुटलेलं तिखट, एकदा नुसता मूठभर गूळ होता. तुमच्या गावात जसं जमेल तसं करा, फक्त विकायचं कोणाला आणि द्यायचं कोणाला हे मनात गोंधळलेलं नको, नाहीतर दोन्हीकडं वाईटपणा येतो.

पेरल्याशिवाय मिळणारं पण पिशवीत घाला. हरभरा तीस-पस्तीस दिवसांचा झाला की फुलं यायच्या आधी शेंडे खुडा, फांद्या जास्त फुटतात आणि भाजी फुकट मिळते. करडईच्या विरळणीची कोवळी भाजी तशीच. आणि पाथरी, हरभऱ्याच्या रानात जमिनीला चिकटून वाढते ती, खुरपताना फेकून देऊ नका, धुवून कच्चीच भाकरी आणि तिखटासोबत खातात. लातूरच्या बिल्डिंगमधल्या तिघींना पहिल्यांदा पाठवली तेव्हा हे गवत चुकून आलंय का म्हणून फोन आला होता, आता जानेवारीत त्याच मागून घेतात. फक्त त्या रानात तणनाशक मारलेलं असेल तर हातसुद्धा लावू नका.

शेवटचं काम फेब्रुवारीतलं आहे पण ठरवायचं आत्ता. मेथी, मटार, वाल, घेवडा यांचं बी घरी धरता येतं, फुलं आपल्यातच फळतात, जात बिघडत नाही. सगळ्यात निरोगी झाडं आधीच निवडून त्यांना चिंधी बांधा, मोहात पडून तोडू नका. मुळा आणि पालकाचं जमतं, पण शेजारी दुसरी जात फुलावर असेल तर मिसळतं. हायब्रीडचं ठेवू नका, पुढच्या वर्षी एकसारखं येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी वाल-घेवड्याच्या किती गावरान जाती घरात जपून लोकांना वाटल्या, आपण निदान एक तरी जपावी. आमच्याकडं जांभळ्या कडेचा वाल आहे, सासूबाईंच्या माहेरचा. शेंगा झाडावरच वाळवायच्या, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, मग दोन ऊन देऊन चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात. यंदा अकरा पुड्या बांधून ठेवल्यात, प्रत्येकीत दहा दाणे, संक्रांतीच्या पिशवीत जातील. बाल्कनीतल्या कुंडीत पण येतो, काठी लावावी लागते, आणि लावायचा मृग लागल्यावर, त्याच्या आधी नाही.